उपसा योजनेचं सोंग

आमच्या गावात आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सोंगं निघतात. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात ती दिवाळीपेक्षा मोठी. आणि सोंगं म्हणजे गावातल्याच माणसांनी तोंडाला रंग फासून मारुतीच्या पारापुढे केलेले खेळ. आधी गणपती आणि सरस्वती येऊन नाचून जातात, मग रावण येतो, मग वाघ. देवादिकांचं उरकलं की गावातल्या माणसांची सोंगं सुरू होतात. त्यात तलाठी असतो, दवाखान्यातला कंपाउंडर असतो, नवी सून आणि जुनी सासू असते. आणि माझे वडील, आबा, असतात.

खुद्द वडील नव्हेत. ते पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असतात. त्यांचं सोंग गावातले टेलर घेतात. आमच्याकडे कायदा असा आहे की ज्याचं सोंग निघणार त्यानं समोर बसायचं. तो आला नाही तर त्याचं सोंग निघत नाही. समोर केलं तर सोंग आणि पाठीमागे केलं तर टवाळी, एवढा फरक गाव अजून पाळतं. तलाठ्यांची बदली झाली की त्यांचं सोंग आपोआप बंद पडतं. आबांची बदली कुठे होणार?

पूर्वी सोंगं रात्रभर चालत. आता सगळ्यांना सकाळी उठून कामाला जायचं असतं, म्हणून ऊन उतरलं की सुरू करतात आणि दिवेलागणीला आटपतात. देवांना ही वेळ चालते का, हे कुणी विचारलेलं नाही.

आबांचं सोंग हे मुळात तापीवरच्या उपसा योजनेचं सोंग आहे. आबा गावातल्याच शाळेत मास्तर होते आणि घरची शेतीही होती. त्यामुळे त्यांचं म्हणणं शिकलेल्यांना पटायचं आणि शेती करणाऱ्यांनाही. मी लहान होते तेव्हा एक इंजिनियर साहेब गावात आले आणि त्यांनी पारावर योजना समजावून सांगितली. नदीचं पाणी मोठ्या मोटारींनी उचलायचं, जाड पाइपातून चढावरच्या हौदात टाकायचं आणि तिथून पाटानं सगळ्या शिवारात फिरवायचं. साहेबांचं मराठी इतकं शुद्ध होतं की गावाला त्यातलं ‘नदी’ एवढंच कळलं. साहेब गेल्यावर आबांनी शाळेतला फळा पारावर आणला आणि तीच योजना अहिराणीत सांगितली. साहेबांनी सांगितली ती योजना होती. आबांनी सांगितली ती गोष्ट झाली.

“दखा भो,” म्हणजे बघा भाऊ, असं आबा म्हणाले होते, “आज नदी खाले शे नि आपुन वर शेतस. उद्या नदी वर यी. ती तुन्हा बांधवर यीसन इचारी, भो, कितलं पानी देऊ? तवय तू काय सांगशी?”

म्हणतात की त्यावर एक म्हातारा खरोखरच विचारात पडला आणि म्हणाला, घरात विचारून सांगतो. लोकांनी उभ्या कापसातून पाइपलाइन जाऊ दिली. हौदाला जमीन लागत होती ती दिली. आमचीही त्यात गेली. फळ्यावर आबांनी केळीचे बाग काढले होते, ते लोकांनी आधीच वाटून घेतले होते म्हणतात.

पुढे जे झालं ते चारचौघांसारखंच झालं. पंपहाऊस बांधलं, मोटारी बसल्या, पण वीज आली नाही. वीज आली तोवर तांब्याची तार चोरीला गेली होती. तार आली तेव्हा योजना चालवणाऱ्या संस्थेच्या संचालकांत भांडण लागलं होतं, आणि ते मिटलं तेव्हा पाइप फुटले होते. नंतर नदीवर बॅरेज झालं. आता तापी बारा महिने भरलेली असते. हौदाच्या कठड्यावर उभं राहिलं की तिचं पाणी उन्हात चमकताना दिसतं. गाव पपई आणि मिरची बोअरवर पिकवतं आणि बोअर दर वर्षी आणखी खाली नेतं. पंपहाऊसमध्ये पारवे राहतात.

सोंगात टेलर फळा घेऊन येतात आणि आबांचं ते भाषण म्हणतात. माझ्या माहितीतलं हे एकमेव विडंबन आहे ज्यात मूळ मजकुरात एक शब्दही वाढवावा लागत नाही. भाषण झालं की ते सायकलचं चाक पाइपाच्या व्हॉल्व्हसारखं फिरवतात, पत्र्याच्या डब्याला कान लावतात आणि एक बोट वर करतात. सगळं गाव एका सुरात विचारतं, “गुर्जी, पानी कोठे शे?” टेलर आबांच्या आवाजात म्हणतात, “यी ऱ्हायनं.” म्हणजे येतंय. पुन्हा चाक, पुन्हा कान, पुन्हा “यी ऱ्हायनं.” आमच्या पंचक्रोशीत हा शब्द कायमचा रुजला. एसटी उशिरा आली, नवरदेवाची गाडी वाटेत बंद पडली, शिष्यवृत्ती अडकली, की लोक एकमेकांना सांगतात, यी ऱ्हायनं. रनाळ्याला दिलेल्या माझ्या आत्याच्या घरीसुद्धा हे म्हणतात, आणि तिकडच्या पोरांना हे वाक्य कुणाचं हे माहीतही नाही. इतकं यश मराठीतल्या थोड्या लेखकांना मिळालं असेल.

आबा दर वर्षी हसायचे. सुरुवातीला ते हसणं बेतलेलं असावं. नंतर मात्र मला वेगळंच दिसायला लागलं. आबा म्हातारे होत गेले, गुडघे गेले, हातात काठी आली. सोंगातले आबा मात्र तसेच ताठ राहिले. टेलर आबांचेच विद्यार्थी; शाळेत त्यांना जसं पाहिलं होतं तसंच ते चालतात, झपाझप, धोतराचा सोगा उजव्या हातात धरून. एका वर्षी माय माझ्या शेजारी बसून ते बघत होती. हसता हसता थांबली आणि म्हणाली, “आसाच चालेत ते.” मग पदर तोंडाला लावून पुन्हा हसायला लागली.

मी तळोद्याला कॉलेजात मराठी शिकवते. डोंगरातली मुलं जीपच्या टपावर बसून येतात आणि मी त्यांना स्वातंत्र्यानंतरची कादंबरी आणि विकास या विषयावर नोट्स देते. इंग्रज गेल्यावर नव्या सरकारला धरणांइतकीच गोष्टींची गरज होती, कारण लोकांनी जमीन सोडावी यासाठी आधी त्यांच्या डोळ्यांपुढे काहीतरी उभं करावं लागतं, असं मी सांगते. मग लेखकांनी त्या गोष्टींवर अविश्वास दाखवायला सुरुवात केली आणि त्यातून आपली गंभीर कादंबरी जन्माला आली, असंही सांगते. एकदा एका पुनर्वसन वसाहतीतल्या मुलीनं विचारलं, “मॅडम, ह्या सगळ्या पुस्तकांत गावाला शेवटी काहीच मिळत नाही. मग ह्याला विकासाची पुस्तकं का म्हणायचं?” मी म्हटलं, प्रश्न चांगला आहे. परीक्षेत विचारत नाहीत.

माझी स्वतःचीही एक कादंबरी आहे. तिच्यात एक योजना आहे, एक हौद आहे, एक मास्तर आहे आणि पाणी नाही. पुण्याच्या एका समीक्षकांनी लिहिलं की न आलेलं पाणी हे प्रजासत्ताकाच्या अपुऱ्या स्वप्नाचं प्रतीक आहे. मला ते वाचून बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. गावात ती फक्त आबांनी वाचली. ओट्यावर बसून, पेन्सिल घेऊन, दोनदा वाचली आणि शुद्धलेखनाच्या चुकांना गोल केले. मग म्हणाले, “ताई, पुस्तकमा तरी पानी येऊ देती.”

मी त्यांना बराच वेळ समजावलं. सरकारची जाहिरात करणं हे साहित्याचं काम नाही, खोटा शेवट म्हणजे वाचकाची फसवणूक, जे आलं नाही ते आलं नाही असं लिहिणं हेच लेखकाचं राजकारण, वगैरे. वर्गात हे ऐकून मुलं वहीत लिहून घेतात. आबांनी नुसतं ऐकलं आणि म्हणाले, “बरं. पन शेवट घाईमा करेल शे.”

मग बंद पडलेल्या योजना दुरुस्त करायचं ठरलं. सरकार कुठलं होतं याला महत्त्व नाही, कारण दुरुस्ती एकानं ठरवली, दुसऱ्यानं सुरू केली आणि तिसऱ्यानं नारळ फोडला. पाइप बदलले, मोटारी नव्या आल्या. पारव्यांना बाहेर काढलं, ते समोरच्या लिंबावर बसून राहिले. होळी झाल्यावर चाचणीचा मुहूर्त ठरला. मोठे पाहुणे येऊन बटण दाबणार होते. मुहूर्त सकाळचा होता, म्हणजे पाहुणे दुपारी येणार हे सगळ्यांना कळलं.

मांडव शाळेच्या पटांगणात होता, हौदापासून बऱ्याच अंतरावर, कारण हौदाजवळ गाड्या लावायला जागा नव्हती. बटणही मांडवातच होतं. त्याला वायर नव्हती. पाहुण्यांनी ते दाबलं की पडद्यामागे उभा असलेला माणूस पंपहाऊसला फोन करणार होता. आबांना मांडवात पुढची खुर्ची दिली होती, पण ते तिथे बसले नाहीत. म्हणाले, “पानी मांडवमा थोडंच येनार शे.” मी त्यांना धरून हौदाकडे घेऊन गेले. तिथे टेलर होते. हौदाच्या भिंतीवर नवी कोनशिला बसवली होती, तिचा साटिनचा पडदा त्यांनीच शिवला होता आणि स्टुलावर चढून ते तो टांगत होते. बाकी सगळं गाव मांडवात होतं, कारण तिथे सावली होती आणि पोहे होते.

आधी पाइपातून वारा आला. खोकल्याची उबळ यावी तसा दोनतीनदा अडखळत आला आणि थांबला. मग गंजाची पूड आली, वाळका पाला आला, एक चप्पल आली. ती कुणाची हे आम्हाला अजून कळलेलं नाही. आणि मग पाणी आलं. पाइपाच्या तोंडाएवढं जाड, गढूळ, मातकट पाणी धाडकन हौदाच्या तळावर पडलं आणि त्याचा आवाज रिकाम्या भिंतींवर असा घुमला की टेलर स्टुलावरून उतरले.

आबांनी टोपी काढली. मग चपला काढल्या. वाकले आणि कठड्यावरून हात खाली धरला. मी त्यांना कमरेला मिठी मारून धरलं होतं, नाहीतर ते आतच गेले असते. या क्षणासाठी त्यांच्याकडे सबंध आयुष्यभर भाषण तयार होतं आणि ते एक शब्द बोलले नाहीत. टेलरनीही टोपी काढली. सवयीनं काढली की मनापासून, हे त्यांनाही सांगता येणार नाही. मी रडत होते. वर्गात मी ज्या सगळ्या शहाणपणाच्या गोष्टी सांगते, त्यांतली एकही त्या वेळी माझ्याजवळ नव्हती.

मग पाणी थांबलं. नंतर कळलं की पंपहाऊसच्या माणसानं मोटार नीट चालते का बघायला ती सुरू केली होती, तर मांडवातून त्याला फोन गेला: पाहुणे अजून यायचे आहेत, बंद कर. पाहुण्यांच्या आधी पाणी आलं तर बटणाला अर्थ काय राहतो, हे त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबरच होतं. मी घाईनं फोन काढून एक फोटो घेतला. त्यात आबा उभे आहेत आणि त्यांचे हात ओले आहेत. हात कशानंही ओले होतात. हौदाच्या जुन्या तळाला भेगा होत्या; आलं तेवढं पाणी आमच्या डोळ्यांदेखत जिरलं आणि उरलेली ओल चैत्राच्या उन्हानं खाल्ली.

पाहुणे दुपारी आले. बटण दाबलं, पडद्यामागून फोन गेला, मोटार घुंईं करून उठली आणि विजेची डीपी मोठा आवाज करून जळाली. तोवर बँड लावून पाहुण्यांसह गाव हौदापाशी येऊन उभं होतं. हौद कोरडा होता. पाहुणे म्हणाले, पाणी निघालेलं आहे, वाटेत आहे. गावातून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “यी ऱ्हायनं.” पाहुण्यांना वाटलं हा उत्साह आहे, त्यांनी हात जोडले. आबा त्या गर्दीत काठी वर करून सांगत होते, आलं होतं, सकाळी आलं होतं, ह्या हातानं पाहिलं. शेजारचा माणूस त्यांना म्हणाला, “हा गुर्जी, व्हय. सावलीमा बठा.”

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की पाणी आलं. सोबत फोटो होता. फोटोतला हौद आमचा नव्हता, पाणीही आमचं नव्हतं, नितळ होतं. आमच्या गावात पेपरात आलं याचा अर्थ सरळ असतो, की तसं झालेलं नाही. त्यामुळे आता आबा सांगत होते तेच पेपर सांगत होता, आणि म्हणून तर ते खोटंच ठरलं. इतिहासाच्या अभ्यासकांना मी विनंती करते की त्यांनी यावर विचार करावा. सरकारी नोंद बरोबर आहे. पाणी त्या दिवशी आलंच होतं. फक्त ज्या पाण्याची नोंद आहे ते आलं नाही, आणि जे आलं त्याची नोंद नाही.

साक्षीदार तीन. एक मास्तर, ज्यांनी आयुष्यभर पाणी येणार म्हणून सांगितलं. दुसरे टेलर, जे दर आखाजीला तेच सांगून गावाला हसवतात. तिसरी मी, जी कादंबऱ्या लिहिते. तपास करणाऱ्यानं मुद्दाम निवडले असते तरी याहून कुचकामी साक्षीदार मिळाले नसते. टेलरनी हॉटेलात चहा पिता पिता खरं ते सांगितलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, पुन्हा एकदा. टेलर मला म्हणाले, “ताई, पानीनी गोष्ट काढी का मन्हा तोंडमाईन गुर्जीस्नाच आवाज निंघस. मी काय करू?” मी सांगितलं तेव्हा लोक म्हणाले, मॅडमचं नवीन पुस्तक येतंय वाटतं. रात्रीच्या भाकरी थापताना माय मला हळूच म्हणाली, “खरं सांग माय, पानी उनं व्हतं का?” मी म्हटलं, “उनं व्हतं.” आलं होतं. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, “तू बी त्यास्नीच पोर शे.”

आबांना दुसरं काही नको होतं. जमिनीचं दुःख त्यांनी केव्हाच सोडलं होतं आणि पाणी पुन्हा येईल अशी आशाही आता धरली नव्हती. गावातल्या एका तरी माणसानं म्हणावं की पाणी आलं होतं, आणि ते म्हणताना हसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. ते रोज हॉटेलावर जाऊन सांगत. पण आता कुणी त्यांची चेष्टाही करत नव्हतं. “हा गुर्जी, उनं व्हतं,” असं म्हणत आणि त्यांच्यासाठी चहा सांगत. चेष्टा त्यांनी इतकी वर्षं पचवली होती. ही समजूत काढणं त्यांना पचेना. एक दिवस हॉटेलात कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारलं की धुळ्याला मेंदूचे चांगले डॉक्टर आहेत, नंबर देऊ का. मला त्या माणसाच्या कानाखाली द्यावीशी वाटली. तो बिचारा मनापासून बोलत होता, त्याचाच जास्त राग आला.

मग आबांनी बाहेर जाणं बंद केलं. ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. आखाजी आली तेव्हा म्हणाले, यंदा मी पारावर येणार नाही. म्हणजे यंदा सोंग निघणार नाही. गावात ही बातमी जरा काळजीची होती. उपसा योजना बंद पडली तेव्हाही एवढी चर्चा झाली नव्हती.

आदल्या दिवशी टेलर घरी आले. आबांपुढे ते अजून खाली जमिनीवरच बसतात. बराच वेळ मेजर टेप बोटाला गुंडाळत राहिले आणि मग म्हणाले, “गुर्जी, यंदा सोंगमा पानी यी.”

आबांनी मान वळवली. “सोंगमा पानी उनं तं लोके म्हनतीन, गुर्जी पागल व्हयना.”

“ते तं आते बी म्हनतस,” टेलर म्हणाले.

आबा मायला म्हणाले, याला चहा दे. सकाळी मी पाहिलं तर त्यांनी इस्त्रीचं धोतर काढून खाटेवर ठेवलं होतं.

पारापुढे त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गणपती आला, सरस्वती आली, वाघानं यंदा पहिल्यांदाच गॉगल लावला होता. आबा पहिल्या रांगेत काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी बायकांच्या बाजूला उभी होते. टेलर फळा घेऊन झपाझप आले आणि भाषण सुरू झालं. नदी खाली आहे, आपण वर आहोत, उद्या नदी येऊन विचारील. लोक ओठांनी बरोबर म्हणत होते. चाक फिरलं, कान लागला, बोट वर गेलं.

“गुर्जी, पानी कोठे शे?”

टेलर बोललेच नाहीत. डब्यातून वारा आला. मागे त्यांचा भाऊ फवारणीचा ब्लोअर घेऊन बसला होता. तो अडखळत, थांबून थांबून हवा सोडत होता. मग गंज आला, लाल मातीच होती ती. मग पाला. मग एक चप्पल. लोक गडाबडा लोळायला लागले. टेलर हसले नाहीत. मग डब्यातून पाणी आलं, ड्रिपच्या टाकीचं असावं, पण जाड धारेनं आलं आणि त्यात त्यांनी माती कालवली होती. टेलरनी टोपी काढली. चपला काढल्या. वाकून पाण्यात हात धरला आणि तसेच राहिले. गाव हसून हसून रडत होतं. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. आमच्या गावात इतकं यशस्वी सोंग आजवर झालेलं नाही, आणि त्यात एकही खोटी गोष्ट नव्हती.

आबा उठले. काठी टेकत दोन पावलं पुढे गेले, गावाकडे तोंड केलं आणि शाळेत बोलत त्या शुद्ध मराठीत म्हणाले, “हे असंच झालं. पाणी आलं होतं. मी साक्षी आहे.”

मग अशा शिट्ट्या आणि टाळ्या उठल्या की पारावरचे पारवे उडाले. गुर्जी स्वतः सोंगात उतरले, हे कधी झालं नव्हतं. कुणीतरी त्यांच्या अंगावर गुलाल टाकला. आबा तसेच उभे होते, गुलालानं भरलेले, हात थोडा वर केलेला, आणि त्यांचं म्हणणं कुणालाही ऐकू जात नव्हतं. मला ते बघवेना. मी बायकांमधून वाट काढत पुढे गेले, आबांच्या शेजारी उभी राहिले आणि ओरडून म्हणाले, “मी बी व्हती तठे. पानी उनं व्हतं.”

आणखी मोठा हशा झाला. मॅडमही सोंगात. मागून आवाज आला की पुढच्या वर्षी दोघांनाही घ्या. टेलर अजून वाकलेलेच होते, डब्यातल्या पाण्यात हात धरून. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि हात खाली घेतला.

घरी जाताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून सावकाश चालत होते. मी रागानं धुमसत होते. या गावाला काही सांगण्यात अर्थ नाही, खरं सांगितलं तरी ह्यांना करमणूकच दिसते, यापुढे तुम्ही पारावर जायचं नाही, असं काहीबाही मी बोलत राहिले. दारापाशी आल्यावर आबांनी चपला काढल्या, धोतरावरचा गुलाल झटकला आणि म्हणाले, “खरं मानं कोन्हीच नही, ताई. पन पानी उनं, ते दखं तं सर्वास्नी.”